खांद्यावरचा हात

रबरताईला खरं नाव होतं, पण स्टुडिओत ते कुणी फारसं घेत नसे. तिचं काम खोडायचं, म्हणून ती रबरताई. फोटोत जे जे नको असेल ते ती नाहीसं करायची. गालावरची पुटकुळी, भिंतीवरचा स्विचबोर्ड, उद्घाटनाच्या फोटोत मागे उभं राहून जांभई देणारा कुणाचा तरी मेहुणा. खोडून झालं की हवं ते आणायचंही तीच. गार पडलेल्या चहावर वाफ, टकलावर केस, आणि ज्या नवरा-बायकोचं एकमेकांशी वाकडं आहे त्यांच्यामध्ये एक गोंडस कुत्रा. "साबणाच्या जाहिरातीतली ती बाई हसते ना, ते दात माझे आहेत," असं ती बिनदिक्कत सांगायची. विनय वगैरे भानगड तिच्यापाशी नव्हती. कामात एक नंबर होती आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

स्टुडिओचा मालक म्हणजे सर. मुळात कॅमेरेवाला, पण पुढे जाहिराती करायला लागला, जम बसला, आणि मग त्याला बोलायची सवय लागली. आठवड्यातून एकदा तो सगळ्यांना भिंतीपाशी गोळा करायचा, एखादी जाहिरात लावायचा आणि चिन्हमीमांसा सांगायचा. "चिन्ह एकटं काहीच बोलत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. "रिकामी खुर्ची दाखवा. ती फक्त खुर्ची आहे. तिच्याशेजारी फुगे ठेवा, वाढदिवस झाला. तिच्याशेजारी चष्मा आणि काठी ठेवा, कुणीतरी गेलं. खुर्ची तीच! बोलतो तो शेजार." आता हे खरं होतं, आणि सांगायचाही छान. रबरताई मान डोलावून ऐकायची. माणूस नाकाने कांदे सोलणारा असला तरी त्याला चित्र कळतं, असं तिचं मत होतं.

कामाची पद्धतही त्याचीच होती. तिला सगळे तुकडापद्धत म्हणायचे. अख्खं चित्र कुणाला दाखवायचंच नाही. गिऱ्हाइकाने अख्खं पाहिलं की तो बिचकतो, मग त्याची बायको सल्ला देते, मग साडू देतो, आणि चित्राचा पार चेंदामेंदा होतो. म्हणून आभाळ वेगळं मंजूर करायचं, चेहरा वेगळा, अक्षरं वेगळी. स्टुडिओतही तसंच. एकाकडे चेहरा, दुसऱ्याकडे खिडकी, तिसऱ्याकडे मजकूर. सर एकेका तुकड्यावर नजर टाकून "चालेल" म्हणायचा, आणि शेवटी जुळणीवाला सगळं एकत्र बसवून छपाईला पाठवायचा. पहिल्या पहिल्यांदा सर स्वतः जुळणीवाल्याच्या पाठीशी उभा राहायचा. नाव झालं तसा राहीनासा झाला.

घरी रबरताई आणि तिची आई, दोघीच. थोरला भाऊ दुसऱ्या शहरात, त्याचा संसार तिकडे. आई खमकी. सकाळी पेपर आला की मागून वाचायला सुरुवात करायची, आधी निधनवार्तांचं पान. "आधी गेलेले बघते, मग राहिलेले," असं म्हणायची. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर तिचा दरबार भरायचा. तिथे तळमजल्यावरची टेलरीणबाई, तिच्या दोन गिऱ्हाइकिणी आणि आई अशी सगळ्या जगाची मापं काढत बसायच्या. पाऊस असो, थंडी असो, आई बाकावर नाही असं व्हायचं नाही. तो बाक म्हणजे तिचं दुसरं घर होतं.

एकदा रबरताई चष्मा घरी विसरून गेली. आई तो घेऊन स्टुडिओत आली. सरने तिला खिडकीपाशी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "आजी, जरा बसता का अशाच? उजेड तपासतो." आईने आपला मरून स्वेटर नीट केला आणि बसली. तेवढ्यात रबरताई आतल्या खोलीतून आली आणि मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. आईचे ओठ उघडले. आता ती वळून "आंधळे, चष्म्याशिवाय काय दिवे लावणार होतीस?" असं म्हणणार होती, आणि म्हणालीही. त्याच्या आधीच्या क्षणाला कॅमेऱ्याचा आवाज झाला. दोघी हसल्या, चहा पिऊन आई घरी गेली. विषय संपला असं सगळ्यांनाच वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी रबरताईकडे एका खिडकीचा तुकडा आला. नुसती खिडकी, समोरचा भाग पांढरा सोडलेला. सूचना अशी होती की दुपारची संध्याकाळ कर आणि कट्ट्यावरची कुंडी काढ. खिडकी स्टुडिओतलीच होती, शंभर जाहिरातींत वापरलेली. रबरताईने कुंडी पुसली. उजेड हळूहळू पिवळा केला, मग राखाडी, काचेच्या कडेला थोडा निळसर गारठा आणला. सरने पाहिलं आणि चक्क पाठ थोपटली. ती खूश होऊन घरी गेली आणि आईला म्हणाली, "आज अशी संध्याकाळ केलीय, बघणाऱ्याला हुडहुडी भरेल."

आणि एके दिवशी ती कामावरून आली तर बाक आईवाचून होता. टेलरीणबाई दुकानाच्या दारातच उभी होती, गळ्यात टेप, तोंडावर बारा वाजलेले.

"काकू वर आहेत," ती म्हणाली. "बाजारात निघालो होतो आम्ही. चौकातूनच परत फिरल्या. पिशव्यासुद्धा माझ्याकडेच राहिल्यात." मग म्हणाली, "एक सांगू? काकू जड झाल्या होत्या तर बोलायचं होतंस गं आमच्यापाशी. असं चौकात टांगायला नको होतं."

"काय टांगलं?"

"जाऊन बघ की. तुझ्याच धंद्यातलं आहे."

रबरताई तशीच चौकात गेली. तिथे दोन मजले उंच फलक लागला होता. तिची नजर आधी पडली ती धंद्याची. वा, संध्याकाळ काय उतरलीय, हे तिच्या मनात पहिलं आलं. मग कळलं, ही खिडकी आपली. मग खिडकीशी बसलेली म्हातारी दिसली, मरून स्वेटरमधली, एकटी, ओठ जरासे उघडे, आता रडेल की मग रडेल अशी. खांद्यावर काहीच नव्हतं. आणि खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तिला भेटायला कुणीच येत नाही.' त्याखाली एका वृद्धाश्रमाचा फोन नंबर.

ती आई होती. हसायच्या आधीचा तो क्षण होता. हात काढला होता आणि हसू रडू झालं होतं.

रबरताई रस्त्यात उभी राहिली. एक रिक्षावाला ओरडून गेला तरी तिला हलता येईना. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, असा की तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या रागात सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की ती गार, भकास, माणूस खाणारी संध्याकाळ तिने स्वतःच्या हाताने केली होती.

घरी आई खुर्चीत बसली होती. खुर्ची रोज खिडकीपाशी असायची. आज ती तिने ओढून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"अशी का बसलीस?"

"खिडकीत बसले की लोक म्हणतील, वाट बघतेय."

"लोकांना काय करायचंय?"

"हसले तर म्हणतील वरवरचं हसते. गप्प बसले तर म्हणतील बिचारी. मी बसू कुठे ते तूच सांग." आई भिंतीकडेच बघत म्हणाली. "तो मेला म्हणाला होता उजेड तपासतोय. मेल्याने मलाच तपासलं."

भावाचा फोन आला. त्याच्या शहरातही तो फलक लागला होता. "तू काय करतेस गं तिकडे? माझ्या ऑफिसातले विचारतायत, तुझी आई वृद्धाश्रमात असते का!" वर्षातून एकदा उगवणारा हा माणूस तिला जाब विचारत होता. रबरताईने फोन ठेवला नाही, आपटला.

दुसऱ्या दिवशी ती सरसमोर उभी राहिली. "फलक उतरवा."

"अगं, किती गाजतोय माहितीय? आश्रमाचे फोन थांबत नाहीयेत. काम चांगलं आहे, पुण्याचं आहे."

"माझी आई वृद्धाश्रमात नाही. ती माझ्याकडे आहे. तिच्या खांद्यावर माझा हात होता."

"मग? चित्रात खोटं काय आहे सांग." सर खुर्चीत मागे रेलला. भिंतीपाशी बोलायचा तोच आवाज लावला. "आजी म्हाताऱ्या आहेत. खरं. खिडकीपाशी बसल्या होत्या. खरं. कुणी येत नाही हे वाक्य सगळ्या म्हाताऱ्यांबद्दल आहे, त्यांच्याबद्दल नाही. चित्र खोटं बोलत नाही गं. वाचतात ते लोक. लोकांच्या वाचण्याला मी काय करू?" आणि वर हसून म्हणाला, "आणि संध्याकाळ तर तूच केलीस. अप्रतिम केलीस."

ती वळली. बाहेर आली तेव्हा जुळणीवाला आपल्या जागी बसला होता. त्याने मान वर केली नाही. हात त्यानेच कापला होता, सरने सांगितल्यावर, आणि तो कुणाचा हात आहे हे त्याला माहीत होतं. रबरताईने त्यालाही काही विचारलं नाही. तिने डूख धरला होता तो मोठ्यावर. छोट्याला चावून ती विष वाया घालवणार नव्हती.

पुढचे दिवस ती अशी काही गोड वागली की सगळ्यांना वाटलं, विसरली. तोंडात साखर. सरला चहा स्वतः नेऊन द्यायची. घरी मात्र खुर्ची भिंतीकडेच होती. आई खाली उतरत नव्हती. टेलरीणबाई दोनदा वर येऊन गेली, पण आईने डोकं दुखतंय सांगितलं. जिच्या जिभेचा अख्ख्या इमारतीला वचक होता ती बाई दारावर टकटक झाली की दचकायला लागली. रबरताई रोज ते बघायची, रोज दातओठ खायची आणि रोज सकाळी गोड होऊन कामावर जायची.

मग संधी चालत आली. स्टुडिओला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. पेपरात जाहिरात द्यायची ठरली, आणि जाहिरातीत दुसरं कुणी नाही, खुद्द सर. "चेहरा पाहिजे," तो म्हणाला. "लोकांना चेहरा लागतो."

"तुमच्यासारखा चेहरा आहे कुणाचा?" रबरताई म्हणाली. ते ऐकून सर खुलला.

तिने तुकडे करायला घेतले. आधी फोटो. सरने शंभर फोटो काढून घेतले होते, त्यातला तिने एक निवडला. मान किंचित वर, नजर कॅमेऱ्याच्या वरून कुठेतरी लांब. "दूरदृष्टी दिसते यात," ती म्हणाली. चालेल. मग रंग काढले. "काळ्यापांढऱ्यात भारदस्त वाटता." चालेल. मग खांद्यांच्या कडा हळूच मऊ करत करत मागच्या पांढऱ्या उजेडात विरघळवल्या, त्यामुळे सर खालून धुक्यातून निघाल्यासारखा दिसायला लागला. "मागे उजेड किती छान आलाय," सरच म्हणाला. चालेल. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कपाळावरची आठी, ओठांचा तो तुसडा कोपरा सगळं तिने पुसलं. उरली ती नुसती शांती. इतकी शांती त्या चेहऱ्यावर जिवंतपणी कधीच आली नव्हती.

अक्षरांचा तुकडा वेगळा होता. सरचं नाव, खाली स्टुडिओ सुरू झाला ते साल, मध्ये एक आडवी रेघ, पुढे यंदाचं साल. त्याखाली सरनेच सुचवलेली ओळ, 'सदैव तुमच्या मनात.' चालेल. शेवटी तिने बारीक काळी चौकट दाखवली, एकटीच, मध्ये काही नाही. "शेजारच्या जाहिरातींत मिसळून जायला नको." रिकाम्या चौकटीत कुणी काय बघणार? चालेल.

राहिली जागा. पेपरात जागा ठरवायचं काम कुणालाच नको असायचं, ते तिने हौसेने मागून घेतलं. मागचं पान, उजवीकडे, खाली. पेपरवाल्याने फोनवर विचारलंसुद्धा, "ताई, त्याच पानावर? नक्की ना?" ती म्हणाली, "नक्की. आमचे सर नेहमी सांगतात, बोलतो तो शेजार."

एक तुकडा तिने केला आणि मोडला. एका कोपऱ्यात पांढरं फूल ठेवून बघितलं. फार सुंदर दिसत होतं, पण नको, अति होईल, संशय येईल. तिने फूल पुसलं. जड मनाने पुसलं.

छपाईला पाठवायच्या दिवशी ती जुळणीवाल्याच्या टेबलापाशी गेली. "आज जुळणी मी करते," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या तुकड्यांकडे पाहिलं. त्याला कळलं. तो उठला, खुर्ची तिच्याकडे वळवून दिली आणि चहा प्यायला निघून गेला.

जाहिरात आली त्या दिवशी रबरताई मुद्दाम वेळेआधी पोचली. फोन आधीच वाजत होते. सर टेबलाशी उभा राहून ओरडत होता, "मी जिवंत आहे! अहो, मीच बोलतोय! कोण म्हणजे? मी!" त्याने फोन ठेवला की दुसरा वाजायचा. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर त्याचंच सांत्वन केलं. "तुम्ही त्यांचे भाऊ का? आवाज अगदी डिट्टो आहे हो. धीर धरा." दारात फुलांची चक्रं येऊन पडायला लागली. माणसं पांढरे कपडे घालून, चेहरे पाडून जिना चढायची, समोर सर दिसला की पायाखालची जमीन सरकल्यासारखी जिन्यातच थांबायची. एक बाई तर किंचाळलीच.

सरने पेपर टेबलावर पसरला. त्याच्या डावीकडे एक निवृत्त मुख्याध्यापक दुःखद निधन पावले होते, वर एका आजीबाईंचं वर्षश्राद्ध होतं, आणि कोपऱ्यात चौकटीत, धुक्यातून वर निघालेला, लांब कुठेतरी बघणारा तो स्वतः. पहिल्यांदाच त्याने अख्खं चित्र पाहिलं.

"कुणी केलं हे?" त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"फोटो तुम्ही मंजूर केलात सर," जुळणीवाला म्हणाला. त्याला बोलताना कुणी फारसं ऐकलं नव्हतं. "चौकटही."

सरने हळूहळू मान वळवून रबरताईकडे पाहिलं. खोलीत तोवर पंधरावीस माणसं जमली होती, सगळी त्याची गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या हातात फुलं. वृद्धाश्रमाच्या संचालिकाबाईही होत्या.

"तू मुद्दाम केलंस."

"चित्रात खोटं काय आहे ते सांगा ना सर," रबरताई म्हणाली. आवाज गोडच होता. "तुमचा चेहरा खरा. सालं खरी. चौकट म्हणजे नुसती चौकट. चित्र खोटं बोलत नाही हो. वाचतात ते लोक. लोकांच्या वाचण्याला मी काय करू?"

सर पेपरची घडी घालायला लागला. काय बोलणार? चित्र खोटं बोलतं म्हणावं तर चौकातला फलक अंगावर येतो. मी न बघता मंजूर केलं म्हणावं तर समोर गिऱ्हाइकं उभी. रबरताईच्या काळजात असा काही गारवा पसरला की विचारू नका. एवढ्यासाठी तिने किती दिवस साखर खाल्ली होती! ती अजून दोन शब्द बोलणार होती, चांगले घासून ठेवलेले, पण तेवढ्यात जिन्यात गडबड झाली आणि माणसांनी वाट करून दिली.

दारात आई होती.

आईने पेपर नेहमीसारखा मागून वाचायला घेतला होता. मुलीने तिला काहीच सांगितलं नव्हतं. चौकटीतला चेहरा तिने लगेच ओळखला. किती शिव्या घातल्या होत्या तिने त्याला! उठता मेला, बसता मेला. आणि आता खरंच गेला की काय? मग ती उठली, मरून स्वेटर चढवला, दाराची कडी काढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जिना उतरली. खाली टेलरीणबाईने विचारलं, "काकू, कुठे?" तर म्हणाली, "तो फोटोवाला गेला गं. जाऊन येते. वैर जिवंतपणी असतं." टेलरीणबाई दुकान तसंच टाकून तिच्याबरोबर आली होती. दोघी पायी आल्या, चौकातून, त्या फलकाखालून.

जमलेल्या माणसांनी स्वेटर ओळखला. फलकावरची ती! कुजबूज सुरू झाली. कुणीतरी "बिचाऱ्या" म्हणालं. कुणी खुर्ची पुढे केली, खिडकीपाशी.

"बिचारी कोण?" आई म्हणाली, आणि तेवढ्यात तिला सर दिसला. उभा. घामेजलेला. धडधाकट.

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक बोट पुढे करून त्याच्या दंडाला टोचून बघितलं.

"जिवंत आहेस होय?"

"आजी, ते चुकून—"

"बरं झालं बाबा, फार बरं झालं." आईचा चेहरा असा उजळला की लोकांना वाटलं, आता त्याला आशीर्वाद देईल. "मेलेल्याशी भांडता येत नाही. रस्ताभर तेवढंच वाईट वाटत होतं मला. आता सांग, माझ्या खांद्यावरचा हात कुठाय?"

आई खिडकीपाशी पुढे केलेल्या खुर्चीकडे वळली.

"मी इथेच बसले होते, याच खुर्चीत. ही माझी मुलगी." आईने रबरताईला मनगटाला धरून पुढे ओढलं आणि तिचा पंजा स्वतःच्या खांद्यावर थापला. "हा हात. इथे होता. मी हसायला तोंड उघडलं होतं. तू हात काढलास आणि माझं रडं केलंस, आणि चौकात टांगलंस. मी खिडकीत बसायची बंद झाले. बाकावर बसायची बंद झाले. माझा हात कुठे ठेवलास ते सांग."

संचालिकाबाईंचा चेहरा उतरला होता. "आम्हाला सांगितलं होतं, या मॉडेल आहेत म्हणून," त्या सरकडे बघून म्हणाल्या.

"आजी, फलक आजच उतरवतो," सर घाईघाईने म्हणाला. त्याला आता फक्त ही खोली रिकामी व्हायला हवी होती.

"उतरवायचा नाही!" आई कडाडली. "उतरवलास तर लोक म्हणतील, म्हातारी गेली. तसाच ठेव. तिथेच ठेव. हात परत लाव."

सरने संचालिकाबाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातली फुलं टेबलावर ठेवली. "त्या म्हणतात तसं करा," त्या म्हणाल्या. "आणि आमची ओळ काढा. नंबरही. आमच्या आश्रमाला असं नाव नको."

रबरताईने ते काम त्याच दिवशी केलं, अख्खं, एकटीने, कुणाला तुकडा न दाखवता. मूळ फोटोतून आपला हात आणला आणि जागेवर बसवला. हात बसला आणि आईच्या ओठांवरचं रडं आपोआप हसू झालं, ओठांना तिला शिवावंसुद्धा लागलं नाही. संध्याकाळ पुसून दुपार आणली. कट्ट्यावर कुंडी ठेवली. सर एकदाच दारात येऊन उभा राहिला. "उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली आणि कुंडीतल्या पानांवर जरा ऊन टाकलं. हे तिला अपेक्षितच होतं आणि त्याचं तिला तिळभर दुःख झालं नाही. दुसरा स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून होता आणि तिचे दात सगळ्यांना माहीत होते. सरची गिऱ्हाइकं मात्र एकेक करून पातळ होत गेली. जो माणूस स्वतःची निधनवार्ता वाचू शकला नाही, त्याच्याकडे साबण कोण सोपवणार?

फलक लागला, नवा, ओळ नाही, नंबर नाही. ऊन, कुंडी, हसायच्या बेतातली म्हातारी आणि तिच्या खांद्यावर हात. ही जाहिरात कशाची आहे हे कुणालाच कळेना. शेवटी लोकांनी ठरवलं, स्वेटरची असणार. टेलरीणबाईला तर दुकानात येऊन विचारायला लागले, असा स्वेटर शिवून मिळेल का. ती म्हणायची, "अहो, विणलेला आहे तो! तिथे बाकावर बसल्यात त्या बाई, त्यांनाच विचारा." आणि आई बाकावरून भाव खायची.

हात परत बसवला त्या संध्याकाळी रबरताई घरी आली तेव्हा खुर्ची खिडकीपाशी परत गेली होती. आई मांडीवर पेपर घेऊन बसली होती, तेच पान.

"हे तूच केलंस ना?"

रबरताईने पर्स खुंटीला अडकवली. "हो."

आईने चौकटीतल्या सरकडे डोळे बारीक करून पाहिलं, पेपर लांब धरून पाहिलं, मग जवळ आणला.

"झकास केलंस," ती म्हणाली. "पण इथे कोपऱ्यात एक फूल पाहिजे होतं गं."